कॅरमच्या सोंगट्या घ्या आणि स्क्वेअर डान्सचं कॉलिंग शिका

अमेरिकन स्क्वेअर डान्स बघितलाय का, चार जोड्या चौकोनात उभ्या आणि स्टेजवर एक जण माईक धरून तालात काहीतरी बडबडतोय. तो कॉलर. पुढची स्टेप काय हे नाचणाऱ्यांना माहीतच नसतं, तो बोलेल ते करायचं. मला आधी वाटायचं सुचेल तसं बोलत असेल, पण यातली बरीच मेहनत घरी टेबलावर होते, तिकडचे लोक त्यासाठी चेकर्सच्या गोट्या किंवा छोट्या बाहुल्या वापरतात, आपल्याकडे कॅरम आहेच.

4 काळ्या सोंगट्या पुरुष, 4 पांढऱ्या बायका. प्रत्येकीवर स्केचपेनने तोंड कुठे ते काढा, हे विसरलात तर दोन मिनिटांत सगळा गोंधळ. बाई नेहमी जोडीदाराच्या उजवीकडे. 1 नंबरच्या जोडीची पाठ कॉलरकडे, तिच्या उजवीकडे 2 नंबर आणि तसंच पुढे. 1 आणि 3 म्हणजे हेड्स, 2 आणि 4 साइड्स. पुरुषाच्या डाव्या हाताची दुसऱ्या जोडीतली बाई म्हणजे त्याची कॉर्नर, हे पाठच करा, सगळा खेळ तिच्यावर आहे.

पहिला सराव: अलेमांड लेफ्ट, म्हणजे कॉर्नरला डावा हात देऊन वळून परत आपल्या जोडीदाराकडे तोंड. मग राइट अँड लेफ्ट ग्रँड, जोडीदाराला उजवा हात देऊन पुढे, पुढचीला डावा, मग उजवा, मग डावा, काळ्या सोंगट्या घड्याळाच्या उलट आणि पांढऱ्या सुलट. स्वतःचा जोडीदार भेटतो तो घराच्या, म्हणजे सुरुवातीच्या जागेच्या, बरोब्बर समोरच्या बाजूला. तिथून प्रॉमिनेड करत, म्हणजे जोडीने हात धरून गोलात चालत, घरी. भलतीच कोणी भेटली तर सोंगटी कुठे चुकली ते शोधा, मीही पहिले काही दिवस तेच केलं.

आता ताल. मिनिटाला साधारण 120 ते 128 ठोके. अख्खा गोल प्रॉमिनेड 16 मात्रांचा, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन समजा. गाण्यावरचा कॉल, ज्याला सिंगिंग कॉल म्हणतात, त्यात 64 मात्रांचे 7 भाग असतात, सुरुवात, हेड्सचे दोन, मधला ब्रेक, साइड्सचे दोन, शेवट. हेड्स-साइड्सच्या त्या चार भागांत, म्हणजे फिगर्समध्ये, प्रत्येक वेळी पुरुषाची कॉर्नर त्याची नवी जोडीदार होते आणि चौथ्यानंतर आपली मूळ जोडीदार परत, हे सोंगट्यांवर बघायला भारी वाटतं! आणि मेन गोष्ट, कॉल समेवर द्यायचा नाही, आधीची स्टेप संपायच्या दोनेक मात्रा आधी द्यायचा, नाहीतर लोक मध्येच उभे राहतात आणि तुमच्याकडे बघत बसतात.

कॉलची नावं मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका. ही शिस्त कुठून आली ते सांगतो. कोलोरॅडोतल्या शाळेतले लॉइड शॉ यांनी 1939 मध्ये काउबॉय नाचांवर पुस्तक काढलं, उन्हाळी वर्ग घेतले, त्यातून कॉलर्सची एक पिढी उभी राहिली. 1948 मध्ये बॉब ऑसगुडनी कॅलिफोर्नियातून या नाचाचं मासिक सुरू केलं. नाच पसरला तसे नवेनवे कॉल इतके निघाले की आज शिकलं ते दुसऱ्या क्लबात चालेलच असं नाही. मग 1971 मध्ये ऑसगुड, मार्शल फ्लिपो, एड गिलमोर, ली हेल्सेल, फ्रँक लेन, जो लुईस वगैरे 11 नामवंत कॉलर्सनी मिळून कॉलरलॅब ही संघटना सुरू केली, पहिलं अधिवेशन 1974 ला सेंट लुईसमध्ये. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे कॉलच्या ठरलेल्या याद्या, मेनस्ट्रीम, मग प्लस, मग पुढे अॅडव्हान्स्ड आणि चॅलेंज, प्रत्येक कॉलची व्याख्या पक्की. म्हणूनच जपान असो की जर्मनी, कॉल इंग्लिशमध्येच आणि तेच.

तर नवशिक्याने मेनस्ट्रीमचीच यादी धरा, दोन-तीन कॉल घ्या, सोंगट्या हलवा, मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं अॅप, 124 ला लावून मोठ्याने बोला. सोंगट्या न बघता जमायला लागलं की घरातले आठ जण गोळा करा, आठ नाहीच जमले तर खुर्चीवर उशा ठेवा, चालतं.