बोरघाटात जेम्स बर्कलेचं काम कसं बघायचं

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली हे सगळ्यांना पाठ असतं, पण ती लाईन टाकणारा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा चीफ इंजिनियर जेम्स जॉन बर्कले फारसा कुणाला माहीत नसतो. माझ्या मते ठाण्याची लाईन सोपी होती, माणूस कळतो तो बोरघाटात. त्यामुळे पुस्तक नंतर उघडा, आधी कर्जत-लोणावळा खिडकीत बसून करा, आणि दिवसाच करा.

निघायच्या आधी एवढं डोक्यात ठेवा. जन्म 1819, लंडन. प्रसिद्ध ब्रिटिश रेल्वे इंजिनियर रॉबर्ट स्टीफनसनच्या हाताखाली तयार झाला आणि 1850 च्या सुरुवातीला मुंबईत आला, म्हणजे वय तीस. बाकी तारखा गाडीत बसल्यावर आपोआप जागेवर बसतात.

कर्जतला गाडी थांबली की वडा घ्या पण मागे काय चाललंय तेही बघा, मागून बँकर इंजिनं, म्हणजे चढावर गाडीला ढकलणारी जादा इंजिनं लागतात, ती का लागतात हेच बर्कलेचं सगळं गणित. पायथ्यापासून माथ्यापर्यंत 1,831 फूट चढायचं होतं आणि त्यासाठी त्याने लाईन डोंगराच्या अंगाने लांबवत पावणेसोळा मैल नेली, तरी सगळ्यात कठीण जागी चढ 1:37 राहिलाच, म्हणजे 37 फूट पुढे गेलात की एक फूट वर. वाफेच्या इंजिनाला हे भयंकर आहे. आणि एवढं करूनही एका ठिकाणी डोंगराची सोंड इतकी अरुंद निघाली की वळण घ्यायलाच जागा नाही, मग त्याने तिथे रिव्हर्सिंग स्टेशन काढलं, गाडी आत जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. 1929 ला नवीन अलाइनमेंट, म्हणजे लाईनचा नवा मार्ग, झाल्यावर ते बंद पडलं, म्हणून आज बोगदे मोजायला बसलात तर त्याच्या वेळच्या 25 शी आकडा जुळणार नाही, त्यात वेळ घालवू नका.

त्यापेक्षा मंकी हिलच्या आसपास कडे नीट बघा. तिथे माणसं दोरांना लटकून सुरुंगाची भोकं पाडत होती. 1861 मध्ये कामावर 42,000 च्या वर मजूर होते, पावसाळ्यात काम जवळपास ठप्प आणि कॉलऱ्याने माणसं पटापट जायची. 1859 च्या सुरुवातीला मजुरी थकली म्हणून दंगाही झाला. हे सोडून बर्कलेचं चरित्र सांगितलं तर ते अर्धवट आहे असं मला मनापासून वाटतं, कारण नकाशा त्याचा असला तरी घाट या लोकांनी फोडला.

ठेकेदारांचंही बघा. पहिला ठेकेदार फॅव्हिएल 1859 मध्ये बाहेर पडला, मग सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही आठवड्यांतच वारला, आणि पुढचा ठेका त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने दोन इंजिनियर हाताशी धरून पुरा केला! त्या काळात एका बाईने! हिच्यासाठी वेगळा वेळ काढून वाचाच.

बर्कलेला मात्र घाट पुरा झालेला बघायला मिळाला नाही. तब्येत ढासळली म्हणून 1861 ला तो इंग्लंडला परतला, 1862 च्या ऑगस्टमध्ये गेला, वय 42. घाट खुला झाला 21 एप्रिल 1863 ला. आणि कौतुक करताना हेही धरा की 1867 मध्ये घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला, म्हणजे बांधकाम सगळीकडे चोख नव्हतं.

शिंगरोबा धनगराने वाट दाखवली ही गोष्ट घाटात ऐकायला मिळेलच, ती लोककथा म्हणूनच ऐका, कागदपत्रांत मिसळू नका, पण वाटा इथल्या माणसांनाच माहीत होत्या एवढं त्यातून नक्की घ्या.

एवढं झालं की मग थळघाट, कसारा ते इगतपुरी. लाईन त्याचीच पण लहान, सव्वानऊ मैलांच्या आसपास, चढ 972 फूट, खुला 1865 ला. दोन्ही घाट पाठोपाठच्या शनिवार-रविवारी केलेत तर फरक चांगला कळतो.