क्रोम प्लेटिंगचं पिवळं पाणी ०.१ च्या खाली कसं आणायचं

क्रोमच्या टाकीत लिटरला साधारण २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड असतं, म्हणजे १३० ग्रॅम हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं पाण्यात विरघळणारं, विषारी रूप). जॉबला (प्लेटिंगच्या वस्तूला) चिकटून यातलं एकच लिटर धुण्याच्या टाकीत गेलं, तरी नुसतं पाणी वाढवून ते नियमात बसवायला १३ लाख लिटर पाणी लागेल. आपल्याकडे इलेक्ट्रोप्लेटिंगच्या सांडपाण्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम लिटरला ०.१ मिलिग्रॅम आणि एकूण क्रोमियम २ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं, पीएच ६ ते ९. संमतीपत्रात प्रदूषण नियंत्रण मंडळाने याहून कडक आकडा घातला असेल तर तो धरायचा. पाणी मिसळून आकडा खाली आणला, तरी ओढ्यात जाणारं विष तेवढंच राहतं.

म्हणून सुरुवात टाकीपाशीच करा. जॉब वर काढल्यावर टाकीवरच १५ ते २० सेकंद निथळू द्या. हँगरवर तो तिरका लावा, खोलगट बाजू खाली. त्यानंतर साचलेल्या पाण्याची एक टाकी ठेवा आणि वाहत्या पाण्यात धुणं त्याच्या पुढे. बाथ, म्हणजे क्रोमच्या टाकीतलं द्रावण, ४५ अंशांवर चालतो, त्यामुळे पातळी रोज उतरते. ती या साचलेल्या पिवळ्या पाण्यानेच भरून काढा. फक्त ही टाकी आरओ किंवा डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याने भरलेली हवी. बोअरच्या पाण्यातलं क्लोराइड बाथमध्ये साठत जातं आणि शिशाचे ॲनोड खातं. लोखंड आणि तांबंही असंच परत येतं, तेव्हा बाथची तपासणी नियमित करा.

उरलेलं पाणी वेगळ्या टाकीत घ्या. निकेलचं पाणी त्यात नको, कारण निकेल नीट खाली बसायला पीएच १० च्या आसपास लागतो, क्रोमियमला ८ ते ८.५. आणि सायनाइडची लाइन या टाकीच्या जवळपासही नको. इथे ॲसिड आहे. सायनाइड त्यात पडलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि माणूस जागेवर दगावतो. दोन्ही पाइपांना वेगळे रंग द्या, व्हॉल्व्हवर पाट्या लावा.

आता मुख्य काम: हेक्झाव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट क्रोमियम करायचं, म्हणजे कमी विषारी आणि चुन्याने खाली बसणारं रूप. समजा, टाकीत १००० लिटर पाणी आहे आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमियम लिटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे एकूण १०० ग्रॅम. एका ग्रॅमला सोडियम मेटाबायसल्फाइट हिशोबाने २.७५ ग्रॅम लागतं, म्हणजे २७५ ग्रॅम. थोडं हवेत आणि ॲसिडात वाया जातं, म्हणून ४०० ग्रॅम हाताशी ठेवा. ते आधी ४ लिटर पाण्यात विरघळवून घ्या. ढवळणी चालू करून सल्फ्युरिक ॲसिडने पीएच २ ते २.५ वर आणा, मग मेटाबायसल्फाइटचं द्रावण थोडंथोडं सोडा. या क्रियेत ॲसिड खर्च होतं आणि पीएच चढतो, म्हणून मीटरवर लक्ष ठेवा. पीएच ३ च्या वर गेला की क्रिया मंदावते, ५ वर जवळजवळ थांबते. दुसऱ्या बाजूला तो दीडवर नेलात तर सल्फर डायऑक्साइडचा ठसका लागेल, रसायनही उडून जाईल. पंखा चालू हवा, मास्क हवा.

ओआरपी (क्रिया कुठवर आली ते मीटरवर दाखवणारा व्होल्टेजचा आकडा) २५० ते ३०० मिलिव्होल्टच्या आसपास आला आणि पिवळा रंग जाऊन फिकट हिरवा आला, की अर्धा तास तसंच ढवळत ठेवा. मग नमुना घ्या. डायफिनाइल कार्बाझाइडचे काही थेंब टाकले आणि गुलाबी-जांभळी छटा आली, तर क्रोमियम अजून हेक्झाव्हॅलंटच आहे. द्रावण आणखी सोडा. छटा आली नाही तरच पुढे जा. चाचणी इथेच, ॲसिडात असताना करा. चुना घातल्यावर हेक्झाव्हॅलंट खाली बसत नाही, पाण्याबरोबर निघून जातो. एरवी ठीक चालणाऱ्या प्लांटचे नमुने फेल होतात ते बहुधा याच घाईमुळे.

मग चुन्याची निवळी सोडून पीएच ८ ते ८.५ करा. कॉस्टिकही चालतं, पण त्याने पीएच झटकन ९.५ च्या वर जातो आणि बसलेलं क्रोमियम पुन्हा विरघळायला लागतं. शेवटी लिटरला १ ते २ मिलिग्रॅम पॉलिइलेक्ट्रोलाइट (बारीक कण एकत्र आणून गाळ बसवणारं रसायन) टाका, ढवळणी मंद करा, दोन-तीन तास बसू द्या. वरचं पाणी गाळूनच सोडा. त्यात हायपोक्लोराइट मिसळू देऊ नका, कारण ते ट्रायव्हॅलंटला परत हेक्झाव्हॅलंट करतं.

बाथवरचा धूर दाबायला फोम टाकत असाल, तर त्यात पीएफओएस (न विघटणारं फ्लोरिनयुक्त रसायन) नसल्याचं पुरवठादाराकडून लेखी घ्या. २००९ पासून स्टॉकहोम करारात पीएफओएसवर निर्बंध आहेत, आणि वर सांगितलेल्या कोणत्याही टप्प्यात ते निघत नाही. युरोपच्या ग्राहकाने विचारलं तर फरक समजावून सांगा: प्लेट झालेला क्रोम हा धातू आहे, त्यात हेक्झाव्हॅलंट नसतो. झिंकवरच्या पिवळ्या पॅसिव्हेशनमध्ये (गंज रोखणाऱ्या थरात) मात्र तो असतो, आणि आरओएचएसची (इलेक्ट्रॉनिक मालातल्या घातक पदार्थांवरच्या युरोपीय नियमाची) ०.१ टक्क्याची मर्यादा तिथे आडवी येते.

खाली बसलेला, फिल्टर प्रेसमध्ये दाबून पाणी काढलेला गाळ हा घातक कचरा आहे. पक्क्या जमिनीवर, छपराखाली, बंद ड्रममध्ये जास्तीत जास्त ९० दिवस ठेवता येतो. त्यानंतर तो फॉर्म १० (कचरा वाहतुकीची नोंद) भरून अधिकृत जागीच गेला पाहिजे. वीटभट्टीवाला फुकट नेतो म्हणून त्याला देऊ नका. चुना मिसळलेला हा गाळ भट्टीत हवेबरोबर तापला की त्यातलं क्रोमियम पुन्हा क्रोमेट होतं, आणि विटा भिजल्या की ते पिवळं पाणी कुणाच्या तरी अंगणात उतरतं.