पॅरलल प्रोग्रॅमिंग शिकवताना: आधी पॅटर्न, मग प्रॅग्मा

शेवटच्या वर्षाची हाय परफॉर्मन्स कम्प्युटिंगची लॅब वाट्याला आली, की नवा शिक्षक बहुधा ओपनएमपीचे डायरेक्टिव्ह, म्हणजे लूपचं काम अनेक थ्रेडवर (एकाच प्रोग्रॅमच्या एकदम चालणाऱ्या वाटांवर) वाटायला कंपायलरला सांगणाऱ्या ‘प्रॅग्मा’च्या ओळी, फळ्यावर लिहून देतो. मुलं ते उतरवून घेतात, ‘फॉर’च्या डोक्यावर प्रॅग्मा चिकटवतात आणि आउटपुट आलं की जर्नलवर सही मागतात. ओरलला एक्स्टर्नलनं ‘इथे रेस कंडिशन का येत नाही?’ (म्हणजे दोन थ्रेड एकाच जागी एकदम लिहून उत्तर का बिघडवत नाहीत) असं विचारलं की सगळी बॅच गप्प. म्हणून पुण्यातल्या कॉलेजांत हा विषय पहिल्यांदा घेणाऱ्यांना मी सुचवेन की सिंटॅक्स थोडा थांबू द्या, आधी पॅटर्न शिकवा. मॅप (प्रत्येक घटकावर तेच काम स्वतंत्रपणे), रिडक्शन (अनेक आकड्यांचं एक उत्तर), फोर्क-जॉइन (काम फोडायचं, मग जोडायचं), स्टेन्सिल (शेजाऱ्यांवरून किंमत काढायची) आणि पाइपलाइन (एकामागोमाग टप्पे) एवढे पदवीला पुरतात.

पहिल्या प्रॅक्टिकलला मी मशीन सुरूच करू देत नाही. प्रत्येकाला आकड्याची चिठ्ठी द्यायची, फळ्यावर शून्य लिहायचं. फळ्यावरचा आकडा वाचा, जागेवर जाऊन आपला मिळवा, परत येऊन नवा लिहा, आणि हे सगळ्यांनी एकदमच करायचं. लगेच वादावादी सुरू होते, कारण एकाची बेरीज दुसऱ्यानं पुसलेली असते. मग प्रत्येक रांगेनं आपापली बेरीज करायची आणि फळ्यावर फक्त रांगांची उत्तरं आणायची. रिडक्शन इतकंच असतं. पुढे दशांश संख्यांची बेरीज थ्रेड बदलल्यावर शेवटच्या अंकांत बदलते तेव्हा मुलं घाबरतात. बेरजेचा क्रम बदलला की राउंडिंगही बदलतं, हे तेव्हाच सांगून टाका.

विद्यापीठाच्या असाइनमेंटमधली सगळ्यात शिकवण्यासारखी कुठली असेल, तर बबल सॉर्ट. अल्गोरिदम म्हणून तो टाकाऊ, पण इथे सोन्यासारखा. नेहमीच्या बबल सॉर्टच्या आतल्या लूपमध्ये प्रत्येक फेरी आधीच्या अदलाबदलीवर अवलंबून असते, त्यामुळे तिथे पॅरलल फॉर लावला की उत्तर चुकू शकतं. कधी बरोबरही येतं, आणि ते जास्त धोक्याचं. ऑड-इव्हन पद्धतीत (एकदा विषम, एकदा सम जागांपासूनच्या शेजारच्या जोड्या तपासायच्या) एका टप्प्यातल्या जोड्या एकमेकींना शिवत नाहीत. म्हणजे प्रत्येक टप्पा हा मॅप, आणि दोन टप्प्यांच्या मध्ये बॅरिअर, म्हणजे सगळे थ्रेड पोचेपर्यंत थांबायचं. हे मुलांच्या तोंडून निघेपर्यंत कीबोर्डला हात लावू देऊ नका.

मर्ज सॉर्ट म्हणजे फोर्क-जॉइन. लहान तुकड्यांसाठीही टास्क (थ्रेडला द्यायची वेगळी कामं) काढत बसलात तर सीरियलपेक्षा, म्हणजे एकाच थ्रेडवर चालवण्यापेक्षा, हळू चालतो, म्हणून मर्यादा ठेवावी लागते. आणि शेवटचं मर्ज एकाच थ्रेडवर होतं. दहा लाख घटकांना साधारण वीस पातळ्या लागतात. प्रत्येक मर्ज सीरियलच ठेवलं तर वरच्या मर्जांचाच वेळ (एक, अर्धा, पाव...) मिळून दोन पातळ्यांएवढा होतो, म्हणून कितीही कोअर दिले तरी वेग दहापटीच्या पुढे जात नाही. १९६७ चा अॅमडाल्हचा नियम (सीरियल राहिलेला भाग एकूण वेगाला मर्यादा घालतो) नुसत्या सूत्रापेक्षा या हिशेबानं चांगला कळतो.

बीएफएस, म्हणजे ग्राफचे नोड पातळी-पातळीनं भेटत जाणं, पातळीनुसार समांतर करता येतो, फक्त ‘व्हिजिटेड’ची खूण जपायची. डीएफएसबाबत (एका वाटेनं खोल जाऊन मग मागे येणं) मात्र आडपडदा ठेवू नका. भेटींचा नेमका क्रम टिकवून तो समांतर करणं फार अवघड आहे. टास्क लावले तर सगळे नोड भेटतील, पण तो डीएफएसचा क्रम राहीलच असं नाही.

स्टेन्सिलसाठी उदाहरण गावातच आहे. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत २०१८ साली ४ पेटाफ्लॉप्सचा (एक पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं) ‘प्रत्यूष’ हा महासंगणक आला आणि २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप्सचा ‘अर्का’. हवामानाच्या मॉडेलमध्ये ग्रिडच्या प्रत्येक चौकटीला शेजारच्या चौकटींची किंमत लागते. ग्रिडचे तुकडे वेगवेगळ्या प्रोसेसना दिले की कडेच्या चौकटींची देवाणघेवाण करावी लागते, आणि एमपीआय (प्रोसेसमध्ये निरोपांची देवाणघेवाण करण्याची पद्धत) कशाला हवं ते तिथे आपोआप कळतं.

कुडावर (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डवर प्रोग्रॅम चालवण्याची पद्धत) फार वेळ घालवू नका. व्हेक्टरची बेरीज म्हणजे मॅप, मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणजे मॅपच्या पोटात रिडक्शन. लॅबमध्ये एनव्हिडियाचं कार्ड नसेल तर गुगलच्या कोलॅबवर भागतं.

वेळ मोजण्याचं मात्र पहिल्याच आठवड्यात सांगा. लिनक्सवर सीचं ‘क्लॉक’ फंक्शन सगळ्या थ्रेडचा सीपीयू वेळ एकत्र मोजतं, त्यामुळे चांगला पॅरलल कोडही हळू दिसतो आणि मुलं चांगला कोड खोडून बसतात. ओपनएमपीचं स्वतःचं वेळेचं फंक्शन वापरायला लावा. जर्नलमध्ये आउटपुटच्या स्क्रीनशॉटऐवजी एक, दोन, चार, आठ थ्रेडचा आलेख मागा, आणि आलेख जिथे आडवा झाला तिथे का झाला, ते दोन ओळींत लिहायला सांगा. मी सही त्या दोन ओळी वाचून करतो.