पेर गेलं की नुसता शेंडा?

2021 साली भोसरीत पॉवर प्रेसवर माझ्या उजव्या तर्जनीचं वरचं पेर गेलं. वय तीस पूर्ण, पगार 14,000. डिस्चार्ज कार्डावर कुणीतरी घाईत लिहिलं, ‘बोटाच्या टोकाला इजा’. मालकाच्या माणसानं तेवढंच वाचलं अन् म्हणाला, कमाईची ताकद घटली पाच टक्के, भरपाई तेवढीच.

आधी ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू आहे का बघा. असेल तर टक्के मेडिकल बोर्ड ठरवतं अन् पैसे दरमहा येतात. आमचं वर्कशॉप सातच माणसांचं, त्यामुळे ईएसआय नाही; मला 1923 चा कामगार भरपाई कायदा. (अपघात 21 नोव्हेंबर 2025 पासूनचा असेल तर सामाजिक सुरक्षा संहिता बघा.)

कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात तक्ताच आहे. तर्जनी अख्खी गेली तर 14 टक्के, दोन पेरं 11, एक पेर 9, हाड न जाता नुसता शेंडा उडाला तर 5. अख्खा अंगठा 30. म्हणजे आमचं भांडण 5 की 9, एवढंच. ऑपरेशननंतरच्या एक्स-रेची फिल्म मागून घ्या, रिपोर्टवर भागवू नका. माझी फिल्म खिडकीशी धरली तर शेवटचं हाडच नव्हतं.

आता पैसे. पगाराचे 60 टक्के, म्हणजे 8,400. (पगार जास्त असला तरी 15,000 च्या वर धरत नाहीत.) वयानुसार कायद्यात गुणक दिलेला असतो, तिशीचा 207.98. गुणाकार 17,47,032. त्याचे 5 टक्के 87,352 आणि 9 टक्के 1,57,233. एवढ्याशा हाडाचे सत्तर हजार!

बोट जागेवर आहे पण कायमचं पूर्ण निकामी झालंय, तर ते गेल्यातच जमा. पाठीसारखी इजा तक्त्यात नसते. तिथं डॉक्टरांचा दाखला लागतो, अन् तोही कमाईची ताकद किती घटली याचा. लोक सिव्हिलचं दिव्यांग सर्टिफिकेट जोडून मोकळे होतात. त्यावर शरीराचे टक्के असतात, कामाचे नाहीत. डॉक्टरांना आपलं काम हातवारे करून दाखवा. डावा हात कोपराच्या वर कापलेल्या एका सुताराला 1975 मध्ये सुप्रीम कोर्टानं पूर्ण 100 टक्के धरले, कारण एका हातानं सुतारकी होत नाही.

अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज लागतं, ते अर्जात मागा. मी विसरलो होतो. वकिलांच्या कारकुनानं ती ओळ समासात पेनानं घुसवली.