स्पिटफायरमध्ये जिप्सीचं इंजिन आणि गिअरबॉक्स

ट्रायम्फ स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं मूळ इंजिन पार संपलं असेल आणि गाडी मराठवाड्यातच चालवायची असेल, तर मारुती जिप्सीचं १२९८ सीसी एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल घेणारं) इंजिन पाच गिअरच्या बॉक्ससकट घ्या. ताकद ८० बीएचपी, म्हणजे स्पिटफायर मार्क ३ या मॉडेलच्या ७५ पेक्षा थोडीच जास्त, आणि तेच बरं. या गाडीचं डिफरन्शिअल (डिफ, मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा भाग) आणि मागचे शाफ्ट नाजूक असतात. दीडशे बीएचपी चढवली की मोडतोड मागून सुरू होते.

इंजिन, गिअरबॉक्स, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), सेन्सर आणि न कापलेलं वायरिंग एकाच गाडीचं घ्या, बिलासकट. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल करण्याआधी आरटीओची मंजुरी लागते. नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या.

जिप्सीची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी असते, मध्ये आखूड शाफ्ट असतो. ती सरळ काढून टाका. मात्र स्पीडोमीटरची केबल तिथूनच निघते, म्हणून जीपीएसवर चालणारा मीटर आधीच आणून ठेवा.

इंजिन चेन पुलीवर टांगून जमेल तितकं मागे आणि खाली बसवा. व्हॉल्व्ह कव्हरवर ओल्या मातीचे गोळे ठेवून बॉनेट हलकेच लावा. गोळा दबून २० मिमीपेक्षा पातळ झाला तर इंजिन अजून खाली घ्यावं लागेल. संप (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) आणि स्टीअरिंग रॅकमध्येही १५ मिमी फट हवी. माउंटिंगचे ब्रॅकेट आधी नुसते टॅक करा, म्हणजे वेल्डिंगचे एक-दोन टिपके द्या. पक्कं वेल्डिंग इंजिन बाहेर काढूनच, नाहीतर माउंटिंगचं रबर जळतं.

सगळ्यात जास्त वेळ प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतच्या दांड्याला द्या. अँगल गेज गिअरबॉक्सच्या आणि डिफच्या फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती) लावा. दोन्ही फ्लँज समांतर हवेत, फरक अर्ध्या अंशाच्या आत. शाफ्टच्या टोकाच्या प्रत्येक क्रॉस जॉइंटचा कोन १ ते ३ अंश ठेवा. अगदी शून्यही नको, कारण बेअरिंगच्या सुया एकाच जागी दाबत राहतात आणि तिथे खाच पडते. कोन चुकला की वेग वाढल्यावर फ्लोअर थरथरतं आणि लोक उगाच टायर बॅलन्स करत बसतात. डिफ चॅसीला पक्कं असल्याने शाफ्टची लांबी फारशी बदलत नाही, तरी सरकत्या स्प्लाइनला (शाफ्टचा खाचांचा, आतबाहेर होणारा जोड) २० मिमी मोकळीक ठेवा. फ्लँज वाळूजच्या एखाद्या मशीन शॉपमधून टर्न करून घ्या. बॅलन्सिंग न करता शाफ्ट चढवू नका.

डिफ बदलायची गरज नाही. १५५/८० आर१३ टायरचा घेर साधारण १.८ मीटर. ४.११ गुणोत्तराच्या डिफवर ताशी ८० किमीला चौथ्या गिअरमध्ये जेमतेम ३००० आरपीएम पडतात, पाचव्यात २४०० च्या आसपास.

कार्बोरेटरचा जुना पंप इथे चालत नाही. इंजेक्शनला साधारण ३ बार प्रेशर लागतं. त्यासाठी इलेक्ट्रिक पंप, परतीची लाइन आणि इंजेक्शनसाठीचाच होज घाला. साधी रबर नळी फुटून पेट्रोल गरम एक्झॉस्टवर पडलं तर गाडी पेटते. पंपाला रिले आणि फ्यूज लावाच. इंजिनपासून चॅसीला आणि चॅसीपासून बॉडीला जाड अर्थ द्या. अर्थ कमजोर असला की सेन्सर चुकीचं रीडिंग देतात.

मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२ च्या वर जातो. जाड कोअरचा रेडिएटर, त्याच्या मागे हवा ओढणारा पंखा आणि इंजिनच्या सगळ्यात उंच नळीपेक्षा वर बसवलेली एक्स्पान्शन टाकी, यात काटकसर नको. टाकी खाली राहिली तर हवा हेडमध्ये अडकते आणि गॅस्केट जातं.

पहिल्या ५०० किमीनंतर माउंटिंगचे आणि फ्लँजचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा.