मांजरांच्या नसबंदी शिबिरात मदतीला जाताय? या चुका टाळा

हात बसलेल्या डॉक्टरला बोक्याची नसबंदी करायला काही मिनिटं लागतात, मांजरीची करायला पंधरा-वीस. बाकीचे दोन-तीन दिवस ते भटकं मांजर आपल्या ताब्यात असतं. पकडणारे आपण, पिंजरा धुणारे आपण, शुद्धीवर येईपर्यंत शेजारी बसणारेही आपणच. मुंबईच्या उपनगरात मी काही वर्षं हे काम करते आहे. आमच्याकडे ज्या मांजरांचे हाल झाले, त्यांतल्या बहुतेकांचे ऑपरेशनच्या टेबलावर झाले नाहीत, आधी किंवा नंतर झाले. बहुतेक वेळा कारण एकच होतं: कोणीतरी घाई केली.

उपाशी ठेवायचं, पण सगळ्यांना सांगून

भुलीत उलटी झाली तर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून मोठ्या मांजराला साधारण ८ ते १२ तास खायला देत नाहीत. पाणी मात्र तोडायचं नाही. एवढं नवख्यालाही माहीत असतं. घोळ वेगळ्याच ठिकाणी होतो. गल्लीतल्या मांजराला खाऊ घालणारे तुम्ही एकटे नसता. वॉचमन चहातलं दूध ओततो, तळमजल्यावरच्या आजी पोळी कुस्करून ठेवतात, मच्छीवाली डोकी-शेपट्या टाकते. एकदा सकाळी आम्ही आणलेल्या मांजरीने भूल चढताच भात ओकला. डॉक्टरांनी वेळेत तिची मान खाली केली म्हणून ती वाचली. चौकशी केली तर रात्री उशिरा कोणीतरी मायेपोटी पिंजऱ्याच्या जाळीतून भात सरकवला होता. तेव्हापासून आदल्या दिवशी मी स्वतः जिना चढून-उतरून सांगते, वॉचमनच्या केबिनवर चिठ्ठी लावते आणि पकडल्यावर पिंजऱ्यातलं उरलेलं आमिष काढून घेते. तरीही मांजराने काही खाल्लं असेल तर लपवू नका. डॉक्टर फार तर वेळ पुढे ढकलतील.

पिल्लांचा हिशोब उलटा असतो. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू रात्रभर उपाशी ठेवलं तर त्याच्या रक्तातली साखर उतरते. त्याला तीन-चार तास पुरतात. पिल्लू गार आणि मलूल वाटलं, जागं व्हायला उशीर करू लागलं तर आधी डॉक्टरांना हाक मारा. त्यांनी सांगितलं की मधाचं बोट हिरड्यांवर चोळा. तोंडात काही ओतू नका, ठसका लागेल.

पिंजरा लावून निघून जाऊ नका

आमिष म्हणून सुक्या बोंबलाचा तुकडा किंवा भाजलेला बांगडा पुरतो, वास लांबवर जातो. वाटीभर नको, तुकडाच. मात्र लावलेला पिंजरा नजरेआड करायचा नाही. मांजर अडकलं की धडका मारतं, नाक फोडून घेतं. त्याच क्षणी जुनी चादर टाकून पिंजरा पूर्ण झाकला की बहुतेक मांजरं मिनिटभरात गप्प होतात. माणसाळलेलं आहे म्हणून हातात उचलून रिक्षात बसणं हीसुद्धा चूकच. घरात मांडीवर बसणारं मांजर रस्त्यावरच्या हॉर्नला घाबरून कुठे उडी मारेल, सांगता येत नाही.

निघण्याआधी कान बघा. नसबंदी झालेल्या मांजराच्या एका कानाचं टोक भुलीतच सरळ रेषेत कापतात. मारामारीत फाटलेल्या कानाची कड वेडीवाकडी असते, ही कड मात्र सरळ असते. लांबून, अंधारात फरक कळत नाही, टॉर्च लागतो. ते न पाहिल्यामुळे एकाच मांजरीला दोनदा भूल दिलेली मी पाहिली आहे. त्या मांजरीच्या पोटावर जुना व्रण सापडला तेव्हा खोलीत कोणी बोलेना.

चिठ्ठी

या कामात सगळ्यांत जास्त नुकसान पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीमुळे होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. एका शिबिरात आमच्याकडे दोन काळी मांजरं होती, दोन वेगवेगळ्या गल्ल्यांतली. पिंजऱ्याला चिकटवलेले कागद लघवीने भिजून गळून पडले आणि एका घाईत असलेल्या मुलीने ते अंदाजाने परत लावले. दोन्ही मांजरं चुकीच्या जागी सुटली. एक आम्हाला नवव्या दिवशी सापडली, अर्धी झालेली. दुसरी सापडली नाही. त्या गल्लीतून जाताना मी अजून प्रत्येक काळ्या मांजराकडे वळून बघते.

म्हणून कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तारेने बांधा. त्यावर पकडलेली नेमकी जागा लिहा. ‘स्टेशनजवळ’ चालत नाही, ‘बी विंगच्या मागे, पंपाच्या खोलीपाशी’ असं हवं. मोबाइलवर मांजराचा आणि चिठ्ठीचा एकत्र फोटो काढा. नर की मादी याची खात्री नसेल तर ती जागा कोरी ठेवा, डॉक्टर बघतील. तिरंगी मांजर मात्र जवळजवळ नेहमी मादीच असते.

सड बघितले का?

मांजरीचं गाभणपण साधारण नऊ आठवड्यांचं, त्यामुळे आपल्या गल्लीत कधी ना कधी एखादी ओली बाळंतीण पिंजऱ्यात येणारच. सडांभोवतीचे केस गेलेले आणि सड ओढल्यासारखे लांब दिसले तर ती पाजते आहे असं समजा आणि लगेच डॉक्टरांना सांगा. ऑपरेशन करता येतं, दूधही आटत नाही. प्रश्न पिल्लांचा असतो. मीटरबॉक्सच्या मागे डोळे मिटलेली चार पिल्लं असतील तर ती आईशिवाय दोन दिवस काढू शकत नाहीत. अशा मांजरीचा नंबर पहिला लावून घ्या, तिला सोडायची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि दरम्यान दोघांनी जाऊन पिल्लं शोधा.

भूल उतरताना

नवे स्वयंसेवक सर्वाधिक घाबरतात ते इथे, आणि चुकतातही इथेच. मांजराचे डोळे सताड उघडे दिसतात. केटामिन या भुलीच्या औषधाने तसंच होतं, मांजर जागं नसतं. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम लावलेलं असतं, ते पुसू नका. मांजर कुशीवर, मान सरळ, जीभ किंचित बाहेर असं ठेवा आणि अधूनमधून कूस बदला. हिरड्या गुलाबी हव्यात. पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या, श्वास अडखळला, टाक्यांतून रक्त सतत ठिबकू लागलं तर वाट बघू नका, ओरडून डॉक्टरांना बोलवा. बोक्याला बहुधा टाके नसतात. ती जखम उघडी दिसते म्हणून घाबरायचं कारण नाही.

भुलीत शरीराची ऊब झपाट्याने जाते. मांजराचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. पंख्याखाली, ओल्या लादीवर ठेवलेलं मांजर तासन्‌तास जागं होत नाही. खाली वर्तमानपत्राचे चार-पाच थर, अंगावर टॉवेल, शेजारी कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. कापड न गुंडाळलेली बाटली कातडी भाजते आणि बेशुद्ध मांजर सरकू शकत नाही, हे विसरू नका. उठून उभं राहून नीट चालेपर्यंत अन्न नाही, पाण्याची वाटीही नाही. झिंगलेलं मांजर वाटीत तोंड घालून गुदमरू शकतं. हलू लागण्याआधी पिंजऱ्याचं दार बंद करा. निसटलंच तर मागे धावू नका. दारं-खिडक्या लावा, दिवे मंद करा, कोपऱ्यात झाकलेला उघडा पिंजरा ठेवून सगळे बाहेर जा. बहुतेकदा ते आपणहून आत शिरतं.

फिनाईलची बाटली लांब ठेवा

आपल्याकडे स्वच्छता म्हणजे फिनाईल. पण फिनॉलयुक्त द्रव मांजराला विषासारखे असतात. ते पंजांना लागतं, मग चाटण्यातून पोटात जातं. शिवाय पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो, या संसर्गजन्य रोगाचा विषाणू बऱ्याच साध्या जंतुनाशकांना दाद देत नाही. आधी साबणाने घाण काढा, मग पातळ केलेला ब्लीच लावून दहा मिनिटं ठेवा, नंतर भरपूर पाण्याने धुवा, वाळवा आणि मगच मांजर आत घाला. लघवीवर थेट ब्लीच ओतू नका, त्याचा वायू फुप्फुसांना त्रास देतो. ‘दुखत असेल बिचारीला’ म्हणून घरची पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका. एका गोळीने मांजर मरू शकतं.

चावलं तर

‘काही नाही, ओरखडाच आहे’ असं म्हणू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजच्या लशीचे डोस ठरलेल्या दिवशीच घ्यायचे असतात, एकही चुकवायचा नाही. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, म्हणून रेबीज नसला तरी जखम लवकर चिघळते. नियमित काम करणार असाल तर डॉक्टरांना विचारून आधीच लस घेऊन ठेवा.

सोडताना

भटक्या कुत्र्यांबद्दलच्या २०२३ च्या नियमांत आहे तेच इथेही: जिथून उचललं तिथेच सोडायचं. ‘समोरची बाग छान आहे’ म्हणून तिथे नको, अनोळखी जागेत त्याला अन्न कुठे मिळतं आणि लपायचं कुठे हे ठाऊक नसतं. सोसायटीत कोणी तक्रार केली, ‘बोक्याचं ऑपरेशन झालं तरी मांजरी गाभण कशी?’, तर शांतपणे सांगा की ऑपरेशननंतरही काही आठवडे बोक्याकडून गर्भ राहू शकतो.

पिंजऱ्याचं दार उघडून मागे सरका आणि जेवणाच्या नेहमीच्या वेळी आठवडाभर तिथे चक्कर मारा. टाक्यांजवळ सूज वाढते आहे, पू दिसतो आहे किंवा मांजर जेवायलाच येत नाही, असं झालं तर चिठ्ठीवरचा डॉक्टरांचा नंबर लावा. तो नंबर चिठ्ठीवर लिहायचा राहिला असेल तर आजच लिहून ठेवा.