इमॅजिकाला जायचंय? मग मे महिना सोडा

पुण्याहून खोपोलीचं इमॅजिका थीम पार्क म्हणजे एक्सप्रेसवेने साधारण दोन तासांचा रस्ता. सुट्टीच्या दिवशी बोरघाटात अडकलात तर मात्र हिशेब विसरा! मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत गर्दी आपोआप जमते, मग तिकिटावर सवलत कोण कशाला देईल? जूनच्या मध्यात शाळा सुरू झाल्या की ऑफर शोधायला लागा. मधल्या वारी, शक्यतो मंगळवार-बुधवारी जा. पोरांची एक दिवस शाळा बुडाली तर बुडू दे. पण जुलैत खोपोलीला पाऊस कोसळतो, तेव्हा उघड्यावरच्या राइड्स बंद राहू शकतात. म्हणून स्वस्त तिकीट काढण्याआधी तारीख बदलून मिळते का आणि जेवण-लॉकर त्यात धरलंय का, एवढं वाचाच.